मिठाशेजारची गोळी

फोन आला तेव्हा मी गिऱ्हाईकापुढे साड्या उलगडून बसले होते. गोंदियाच्या बाजारात आमचं कापडाचं दुकान आहे आणि दुपारची ती वेळ गाड्यांनी आलेल्या खेड्यापाड्यातल्या बायकांची. पलीकडून निलेश बोलत होता, माझी मामेबहीण इंदू हिच्या दिराचा मुलगा. "मावशी, मोठी माय गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मोठी माय म्हणजे त्याची मोठी आई, माझी इंदूताई. सकाळी अंगणात सडा टाकता टाकता छातीत कळ आली, तिच्या नवऱ्यानं, भाऊजींनी, उचलून खाटेवर ठेवेपर्यंत सगळं संपलं होतं. माझ्या समोरची बाई विचारत होती, "दीदी, इसमें हरा रंग है क्या?" मी उठले, मागच्या कपाटातून हिरवी साडी काढली, तिच्या पुढ्यात ठेवली आणि मगच खाली बसले. माणसाचं डोकं असं का चालतं कोण जाणे... इंदूताईनं मात्र मला बरोबर सांगितलं असतं. डोकं कसं चालतं आणि कसं थांबतं, हे तिच्याइतकं अनुभवलेलं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर ज्यांचं धान पिकतं अशा गावांपैकी एका गावात तिचं सासर. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. तिचा धाकटा दीर धनराज दाराशी उभा होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवत होता, "गोल्याईनं खाल्ली तिले." येणारा मान हलवत होता. इतक्या वर्षांच्या गोळ्या, त्याही डोक्याच्या, आणखी काय होणार, असं बायका आपसात कुजबुजत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंडाची फटकळ म्हणून आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे, पण समोर ती निजलेली होती, म्हणून गप्प बसले. ते गप्प बसणं आज एवढ्या आठवड्यांनी इथे सोडते आहे.

इंदूताईचं माहेर सालेकशाकडचं, जंगलाच्या काठाचं. माझ्यापेक्षा थोडी मोठी. मोहफुलं वेचायला जायचो तेव्हा आमच्या टोपल्या अर्ध्या होईपर्यंत तिची भरून सांडायची आणि वर ही गाणी रचत असायची. लग्न होऊन सासरी आली तरी तेच. धानाच्या रोवणीच्या दिवसांत चिखलाच्या बांधीत, म्हणजे खाचरात, वाकलेल्या बायकांच्या रांगेत ती एक ओळ टाकायची, की रांग ती उचलायची, आणि दिवस कसा गेला ते कळायचं नाही. पण काही वर्षांनी हे सगळं हाताबाहेर जायला लागलं. एखाद्या मोसमात तिची झोपच बंद व्हायची. बोलणं इतकं भरभर की ऐकणाऱ्याला धाप लागावी. एकदा आमच्या दुकानात येऊन तिनं अर्धं कपाट रिकामं केलं आणि त्या साड्या रोवणीवाल्या बायकांना वाटून टाकल्या. आपल्या ताईचा हात केवढा सढळ, असं मला वाटलं होतं. मग महिन्याभरानं तीच बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, वेणी नाही, जेवण नाही, कुणाशी शब्द नाही. तिची मुलगी पल्लवी तेव्हा शाळेत जायची, ती स्वतःच स्वतःचे केस विंचरायला शिकली. अशाच दिवसांत एकदा भाऊजींनी तिला तलावाच्या पाळीवरून हाताला धरून परत आणलं. ती तिथे कशाला गेली होती ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ते तिला माझ्याकडे घेऊन आले.

गोंदियाच्या ज्या मनाच्या डॉक्टरांकडे आम्ही गेलो त्यांच्या बाहेरच्या बाकावर एक गंमत झाली. इंदूताईच्याच गावचा एक गृहस्थ तिथे आपल्या मुलीला घेऊन बसला होता. त्यानं हिला पाहिलं, हिनं त्याला पाहिलं. त्यानं रुमाल तोंडावर घेतला, हिनं पदर. एकाच गावची दोन माणसं तासभर समोरासमोर बसून एकमेकांना दिसली नाहीत! डॉक्टर बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी फार वर जातं, कधी फार खाली, दोन्ही आजारच. लिथियमची गोळी रोज, अधूनमधून रक्त तपासायचं, मीठ आणि पाणी कमी करायचं नाही, ते कमी झालं की गोळी अंगात साठते. इंदूताईनं सगळं नीट ऐकलं. घरी गेल्यावर मात्र सासूला सांगितलं की रक्त कमी आहे, रक्ताच्या गोळ्या दिल्या आहेत. खरं काय ते भाऊजींना ठाऊक आणि मला. डोक्याची गोळी म्हटलं की त्या घराला पायखुट, म्हणजे कायमचा डाग, बसणार, पोरीचं लग्न अडणार, बांधीवर बायका दूर सरकून उभ्या राहणार, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

गोळी लागू पडली. काही महिन्यांत घर पुन्हा सरळ चालायला लागलं, आणि इथेच घोटाळा झाला. तिच्या सासूला, फुलवंताबाईंना, वाटलं की देवीनंच सून परत दिली. वाटणारच, गोळीचं तर त्यांना माहीतच नव्हतं. या फुलवंताबाई म्हणजे कजाग सासू वगैरे बिलकुल नव्हेत. सुनेच्या वाईट दिवसांत तिला लहान लेकरासारखं न्हाऊ घालणारी बाई. त्यांनी नवस बोलला होता की सून उठून बसली तर नवरात्रभर आम्ही दोघी अळणी राहू. मिठाचा कणसुद्धा नाही. आणि मोठ्या प्रेमानं त्या सुनेला शेजारी घेऊन एका ताटात अळणी जेवायला बसल्या. आता इंदूताईनं काय करावं? मीठ सोडायचं नाही हे तिला पक्कं माहीत. पण सोडत नाही म्हटलं की का ते सांगावं लागणार, आणि ते सांगितलं की गोळी सांगावी लागणार. नवरात्र काढू कसंतरी, असं तिनं ठरवलं. लाजेपायी माणूस काय काय गिळतं...

अष्टमीच्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले तेव्हा घरात जस, म्हणजे देवीची गाणी, म्हणणाऱ्या बायकांचा गजर चालला होता, ढोलक घुमत होती. इंदूताई घटापुढे आरती घेऊन उभी होती आणि तिचे हात थरथर कापत होते, इतके की ताटातली निरांजनं एकमेकांवर आपटत होती. सकाळपासून उलट्या होत होत्या म्हणे, पाय लटपटत होते, जीभ जड झाली होती. कुणीतरी म्हणालं, "आली वो माय, आली." झालं. बायका पाया पडायला लागल्या, कुणी हळद, कुणी कुंकू, कुणी लिंबू उतरवलं. ज्या धनराजनं कधी तिच्याकडे धड मान वर करून पाहिलं नव्हतं, त्यानं अंगणातून येऊन तिच्या पायांवर लोटांगण घातलं आणि घरावर नजर ठेव म्हणून हात जोडले. मी तिथे उभी होते. आणि इंदूताईचा चेहरा मला दिसत होता. विचार करा, काय चालून आलं होतं तिच्याकडे. ज्या कापऱ्या हातांना दुसऱ्या कोणत्याही दिवशी वेड म्हटलं असतं, त्यांना आज सगळं गाव देवी म्हणत होतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुढचं आयुष्यभर तिच्यापुढे नारळ फुटले असते. तिनं ताट खाली ठेवलं. ठेवलं काय, हातातून सुटलंच ते. मग जड जिभेनं, एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली,

"धनराज, उठ न बाप्पा. देवी नाई आली. मी डोक्याची गोली खातो. मीठ सोडलं, त्यानं हात कापून राहिले माहे."

ढोलक थांबली. धनराज जमिनीवरून उठला तो इतक्या झटक्यात की जसं काही विस्तवावर पडला होता. मी आयुष्यात धीटपणाच्या पुष्कळ गोष्टी ऐकल्या, वाचल्या, दुकानात बसून सांगितल्याही. पण पाया पडणाऱ्या गावाला उठवून, मी देवी नाही, आजारी आहे, असं सांगणारी बाई मी ती एकच पाहिली. आजही ते आठवलं की माझे हात आपोआप जोडले जातात, आणि ती असती तर म्हणाली असती, तू पण कायले सुरू झाली वो शोभा?

शेजाऱ्याची जीप मिळाली. गोंदियापर्यंत फुलवंताबाईंनी तिचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही आणि वाटभर एकच विचारत राहिल्या, "मले काऊन नाई सांगितली तू?" इंदूताईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उत्तर देण्याइतकी शुद्ध तिला उरली नव्हती. दवाखान्यात सलाईन लावलं, रक्त तपासलं. गोळी अंगात साठून विष झाली होती, उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, कदाचित तीच गेली असती. मीठ कुणी सोडायला लावलं, असं डॉक्टर बाईंनी जरा चिडूनच विचारलं. फुलवंताबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, मी. त्या दिवसापासून सुनेच्या गोळीची आठवण ठेवायचं काम त्यांनी आपल्याकडे घेतलं.

गावानं मात्र जे करायचं तेच केलं. हळदीला पहिला हात लावायला जिला बोलवायचे तिला बोलावणं येईना. रोवणीच्या रांगेत तिच्या दोन्ही बाजूंना जागा सुटायला लागली. मी म्हटलं, ताई, आता थोडे दिवस कुठे जाऊ नकोस. तिनं नेमकं उलट केलं. पुढच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, वेळी गावात जेवणावळ होती. पळसाच्या पत्रावळीवर सगळ्यात आधी मीठ वाढतात, ते वाढून गेल्यावर तिनं कमरेच्या पिशवीतून गोळीचं पाकीट काढलं, एक गोळी फोडली आणि मिठाच्या शेजारी पत्रावळीवर ठेवून दिली. मग भात, वरण, वांग्याची भाजी, सगळं निवांत जेवली. गोळी तिथेच, सगळ्यांना दिसेल अशी. शेजारणीनं विचारलं की हे काय. तर म्हणाली, "डोक्याची गोली. तू बीपीची नाई खात का? तसी." शेजारणीनं पत्रावळी जरा पलीकडे सरकवली. हिनं जेवण संपवलं, गोळी घेतली, पाणी प्यायली आणि वाढपी कमी होते म्हणून उठून कढी वाढायला लागली. त्या पंगतीत निम्म्यांनी तिच्या हातची कढी घेतली नाही. ती शेवटपर्यंत भांडं घेऊन फिरत राहिली.

मग प्रत्येक पंगतीला तेच. मिठाशेजारी गोळी. वर्ष गेलं, दोन गेली, आणि लोकांना त्याची सवय झाली. पुढे तर असं व्हायला लागलं की रोवणीच्या दुपारी, शिदोरी सोडून शेताच्या कडेला धुऱ्यावर बसल्यावर, एखादी बाई हळूच तिच्याजवळ सरकायची. माझ्या नवऱ्याला झोप येत नाही वो... माझा पोरगा खोलीतून बाहेर निघत नाही... बहिणीला बाळंतपणानंतर कसंतरीच झालंय... आणि डॉक्टरच्या वाराच्या आदल्या संध्याकाळी माझ्या घराच्या दारात ऑटो थांबायचा. इंदूताई आणि तिच्यामागे तोंडावर पदर घेतलेलं कुणीतरी. सकाळी गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यावं लागतं, म्हणून मुक्काम माझ्याकडे. मी कुरकुर करायची, की माझ्या घराची धर्मशाळा केलीस. ती माझ्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतःच कणीक मळायला घ्यायची. एकदा तोंडावरचा पदर बाजूला झाला तेव्हा मला ती पत्रावळी सरकवणारी शेजारीण दिसली. मी काहीतरी खवचट बोलणार होते. इंदूताईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूटपणे चहा टाकला.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की गोळी तिला आवडायची. मुळीच नाही. वजन वाढलं, तहान सदा लागलेली, बोटांत बारीक कंप कायमचा राहिला, सुईत दोरा ओवायला मला द्यायची. आणि गाणी गेली. पहिल्यासारखी ओळ तिच्या डोक्यातून आपोआप उसळून यायची बंद झाली. जुनी म्हणायची, नवी सुचत नव्हती. डॉक्टरांशी तिनं यावरून भांडण केलं, मात्रा कमी-जास्त करून पाहिली, थोडंफार परत आलं, पण ते पूर्वीचं नाही. एकदा आम्ही दोघी दुकानात बसलो होतो तेव्हा मी विचारलं, सोडून द्यावीशी नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते न. गाणे गेले ते खरं हाय. पन आता रोवना पुरा होते माहा." पूर्वीच्या दिवसांत ती रोवणी वाजतगाजत सुरू करायची आणि अर्ध्यात भिंतीकडे तोंड करून पडायची, पऱ्हे म्हणजे धानाची रोपं बांधीतच पिवळी पडायची. आपल्या सगळ्यात सुंदर गोष्टीवर रोज जेवणानंतर पाणी सोडायचं, आणि त्याचा गाजावाजा करायचा नाही. मला हे जमलं नसतं, स्वच्छ सांगते.

आणि मग निलेश. धनराजचा एकुलता एक, गोंदियाला कॉलेजात शिकणारा. एका उन्हाळ्यात तो मोठ्या आईला दिवसातून कितीदा तरी फोन करायला लागला, राइस मिल टाकणार, हे करणार, ते करणार. इंदूताई तेव्हा माझ्याकडेच होती. फोन कानाशी धरून ती ऐकत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. फोन ठेवून म्हणाली, शोभा, हे पोरगं माझ्यासारखं बोलून राहिलं. ती तशीच त्याच्या खोलीवर गेली आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे. धनराजला कळलं तेव्हा त्यानं अंगणात उभं राहून तिला नको ते ऐकवलं, तुझ्या संगतीनं माझं पोरगं बिघडलं म्हणाला. शेवटी गोळीला त्यानं होकार दिला तो एका अटीवर, गावात कुणाला कळता कामा नये. नाहीतर पोराला पोरगी कोण देईल? मला वाटलं, आता इंदूताई भांडणार. ती निलेशला म्हणाली, "लपून खा. कोठ्यात जाऊन खा. पन खा." तो गुरांच्या कोठ्यात जाऊन गोळी खायचा आणि ती दाराशी उभी राहायची. स्वतः अख्ख्या गावासमोर घेणारी बाई दुसऱ्याच्या भीतीला इतकं सांभाळून घेत होती.

तेरवीच्या दिवशी मी सकाळीच गेले. निलेश सगळीकडे होता. मांडव, पाणी, भांडी, येणाऱ्यांचं स्वागत, एकटा पोरगा चार जणांचं काम करून राहिला म्हणून लोक कौतुक करत होते. त्याचे डोळे चमकत होते, बोलणं भरभर, मध्येच तो मोठ्यानं हसला. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, मावशी, मोठी माय गेली त्याच दिवशी बंद केली, बाबांनी पाकीटच काढून घेतलं. त्याच गोळीनं तिला मारलं ना? मला झोपेची गरजच वाटत नाही आता... मी दुकानाचा मोबाइल काढून तिथल्या तिथे डॉक्टर बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, आज जेवणानंतर नेहमीची गोळी सुरू करा आणि उद्या सकाळी त्याला माझ्याकडे घेऊन या. इंदूताईच्या हृदयाचा तिच्या गोळीशी काही संबंध नव्हता, हेही त्यांनी सांगितलं. तिचं रक्त, तिची मूत्रपिंडं, सगळं त्या वेळच्या वेळी तपासत आल्या होत्या. मी हे धनराजला सांगायला गेले. त्यानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पंगत बसवायला निघून गेला. मी फुलवंताबाईंजवळ जाऊन बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. त्या आता फार थकल्या आहेत, ऐकू कमी येतं, मला दोनदा सांगावं लागलं.

पंगत बसली. निलेशला ओढून बसवलं होतं, तो सारखा उठू पाहत होता. तेवढ्यात फुलवंताबाई भिंतीला धरून उठल्या, वाढपिणीच्या हातातलं मिठाचं भांडं घेतलं आणि वाकत वाकत नातवापाशी आल्या. त्याच्या पत्रावळीवर मीठ वाढलं. मग समोर बसलेल्या धनराजकडे वळल्या आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात, म्हणजे साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ते गोलीनं नाई मेली. मरत होती ते माह्या नवसानं, मीठ सोडाले लावला म्हून. गोली तं तिले इतके साल घेऊन आली. पोराची गोली दे."

धनराजनं मान खाली घातली. पंगतीत सोयरे होते, पोरगी देणारे होते, न देणारे होते. मी भाताचं घमेलं हातात घेऊन उभी होते. मग त्याचा हात सदऱ्याच्या खिशात गेला. पाकीट तिथेच होतं, तो ते जवळच ठेवून फिरत होता. पत्रावळीवरून उठून तो मुलासमोर आला, उकिडवा बसला, गोळी फोडली आणि मिठाच्या शेजारी ठेवली. शेजारच्या पाहुण्यानं विचारलं, काय हो हे?

"पोराची हाय," धनराज म्हणाला. "डोक्याची."

मी भात वाढायला सुरुवात केली. निलेशच्या शेजारी फुलवंताबाई पाण्याचा पेला धरून बसून होत्या, त्याचं जेवण संपेपर्यंत.